वासाचा रकाना

२ जानेवारी १९७५, गुरुवार

अखेर सोलापूर. कुर्डुवाडीला गाडी इतका वेळ उभी होती की तिथेच उतरून रेल्वेत चिकटावं असं वाटायला लागलं. डब्यात मंद्रूपकडचं एक कुटुंब होतं. त्यांनी मला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बळेच खायला लावली, आणि मी डॉक्टर आहे हे कळल्यावर तिघांनी एकापाठोपाठ एक नाडी पुढे केली. म्हणजे नोकरीवर रुजू होण्याआधीच प्रॅक्टिस सुरू झाली म्हणायची.

दवाखान्यामागे दोन खोल्या मिळाल्या आहेत. खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसतं. भोंगा तर अगदी उशाशी वाजल्यासारखा वाजतो, तेव्हा घड्याळाला किल्ली दिली नाही तरी चालेल. शिपाई कल्लप्पा सामान घेऊन आला. पंचवीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, माझ्यासारखे किती आले आणि किती गेले अशा चेहऱ्याने त्याने खाट झटकून दिली. वॉर्डची खरी मालकीण महानंदा सिस्टर. त्यांनी औषधांचं कपाट दाखवलं आणि प्रत्येक बाटली कुणासाठी काढली ते वहीत लिहायचं असं बजावलं. मोठे साहेब, म्हणजे इथले मुख्य डॉक्टर, दोनच वाक्यं बोलले: वेळेवर या, आणि कागद नीट लिहा, टिपणीस.

यंदा रोजनिशी नेमाने लिहायची. आईला अलिबागला पत्रातून जे कळवता येणार नाही ते इथे.

५ जानेवारी, रविवार

इथली हवा पापड वाळवायला उत्तम आहे, माणसाला नाही. आल्या दिवसापासून नाक चोंदलं आहे, फोडणीचा वाससुद्धा येत नाही.

फाटकासमोर जोतीराम नावाच्या न्हाव्याचं दुकान आहे. सकाळी दाढीला गेलो. दाढी झाली, डोक्याला तेल झालं, आणि मग त्याने एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने टाळू धरून मान अशी काही पिळली की कडाड आवाज झाला. आधी वाटलं, संपलो. मग दुसऱ्या बाजूने. पण नंतर काय हलकं वाटलं म्हणून सांगू! दर रविवारी या, म्हणाला, मान मोकळी तर डोकं मोकळं.

संध्याकाळी कल्लप्पाने सिद्धेश्वराच्या जत्रेच्या काठ्यांचा सराव दाखवायला नेलं. या काठ्या म्हणजे देवाचे ध्वज, तीनेक पुरुष उंच. एकच माणूस कमरेच्या चामडी पट्ट्यात काठी रोवून तोल सांभाळत चालतो, आणि सारा वेळ नजर वर शेंड्याकडे. त्यातल्या एकाकडे मी बघतच राहिलो. बसलिंगप्पा, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, वय चाळीसच्या आसपास. त्याच्या घराकडे ही काठी चौथ्या पिढीची आहे. सराव संपल्यावर त्याने हसून मला काठीला हात लावू दिला. मान दुखत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला, लई दुकतीया की, पन वर बगायचं सोडलं तर काठी पडंल की ओ.

मला तो माणूस फार आवडला. असं एखादं काम आपल्यालाही यायला हवं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत आणि जत्रेचा मुख्य दिवस. सकाळपासून चेंगरलेली बोटं, बिघडलेली पोटं, आणि पोलिसांनी धरून आणलेले दारुडे. दारूबंदीच्या खटल्याला डॉक्टरचा दाखला लागतो. त्याचा छापील फॉर्म आहे: तोंडाचा वास, डोळे, चाल, बोलणं, आणि शेवटी निष्कर्ष. सकाळी एका फॉर्मला दहा मिनिटं लागत होती. दुपारनंतर दोन पुरली. हात बसला म्हणायचा.

बारावा चारच्या सुमारास आला. हवालदार धोंडीरामने त्याला काखेत धरून आत ओढलं. काठी धरणाऱ्यांचा पांढरा पोशाख, त्यावर ओकारी, एक बाही फाटलेली, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. ऐन मिरवणुकीत हा झोकांड्या खायला लागला आणि देवाची काठी लोकांवर कलली. बाकीच्यांनी झेलली म्हणून बरं. लोकांनी त्याला चपलांनी मारलं. देवाच्या कामाला पिऊन येतो म्हणजे काय!

फॉर्म भरला. चाल: झोकांड्या. बोलणं: जड, अडखळत. डोळे: लाल, बुबुळं थरथरणारी. मधूनमधून उचकी. सगळं फिरतंय, एकाची दोन माणसं दिसतायत, असं काहीतरी तो बरळत होता आणि एक हात सारखा मानेमागे नेत होता. कल्लप्पा दारातून दोनदा म्हणाला की साहेब, त्यो पीत न्हाय, लिंगवंत मानूस हाय, शिवत सुदिक न्हाय. मी त्याला चहा आणायला पिटाळलं. रक्त घ्यायच्या सीलबंद बाटल्या सकाळीच संपल्या होत्या, त्यामुळे तेवढं राहिलं. धोंडीरामला सांगितलं, कोठडीत झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल.

त्यानंतर आणखी तीन केले. तिळगूळ मिळाला. झोप येते आहे.

१५ जानेवारी, बुधवार

कालचा तो बारावा सकाळी परत आला, या वेळी स्ट्रेचरवर. कोठडीत उठवायला गेले तर हात हलेना की पाय. तोंड उघडं, लाळ गळत होती, श्वास घरघरत होता.

आज चेहऱ्यावरची घाण पुसली तेव्हा मी ओळखलं. बसलिंगप्पा. मला काठीला हात लावू देणारा. काल मी त्याच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं, फक्त रकान्यांकडे पाहिलं.

केसपेपरवर लिहिलं: दारूच्या अमलात बेशुद्ध, पडून डोक्याला मार लागला असावा. मार दिसत नव्हता. पण दुसरं काय लिहिणार? काल एक लिहून आज दुसरं कसं लिहिणार?

१७ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या साहेबांनी पाहिलं. माझा कागद वाचून त्यांनी मान डोलावली: दारू, पडणं, डोक्यात रक्तस्राव. आशा कमी. नाकातून नळी घालून दूध आणि ताक, सलाईन, घशातला कफ ओढून काढायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची. हे सगळं महानंदा सिस्टर आणि त्याची बायको निंगव्वा मिळून करतात. निंगव्वा आमच्याशी बोलत नाही, नुसती काम करते.

आज मी एक घाण बोललो. इथे लिहून ठेवतो. सिस्टर त्याची कूस बदलत होत्या, निंगव्वा पाणी आणायला गेली होती. मी म्हणालो, ही काठी आता परत उभी राहायची नाही. सिस्टर हसल्या नाहीत. मीच हसलो.

२० जानेवारी, सोमवार

निंगव्वा बोलली. दारात उभी राहून, पदर दोन्ही हातांत धरून. तिला फक्त एक ओळ हवी आहे. ह्येंनी घेतलेली नव्हती, येवडं लिव्हून द्या की डाक्टरसाब, एकच वळ. भाऊबंद घरी येऊन बसलेत. काठीला बट्टा लागला म्हणतात. घरातला तो चामडी पट्टा परत मागतायत, चौथ्या पिढीत पहिल्यांदा. तिच्या सासूने अन्न सोडलं आहे. हे जगोत न जगोत, म्हणाली, पन ह्येंचं नाव तरी निर्मळ ऱ्हाऊ द्या.

मी म्हणालो, फॉर्म पोलिसांकडे गेला, आता माझ्या हातात काही नाही. हे खोटं आहे. डॉक्टरला दुरुस्तीचं पत्र देता येतं.

आणखी एक गोष्ट. त्याचे डोळे उघडे असतात. बेशुद्ध माणसाचेही कधीकधी असतात. पण मी खाटेला वळसा घालून गेलो तेव्हा ते मला शोधत होते असं वाटलं. आडवे फिरत नाहीत, फक्त वर आणि खाली. मी पायथ्याशी उभा राहिलो की खाली येतात. उशाशी गेलो की वर.

२२ जानेवारी, बुधवार

इथल्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात दुपार घालवली. जे शोधत होतो ते सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

मानेच्या मणक्यांतून दोन रक्तवाहिन्या वर चढतात आणि मेंदूच्या मागच्या बाजूला एक होतात. ती तुंबू लागली की आधी चक्कर, ओकारी, उचकी. एकाचे दोन दिसतात. बुबुळं थरथरतात, जीभ जड होते, चाल झोकांड्यांची होते. पुस्तकात स्वच्छ छापलं आहे की अशा रोग्याला दारू प्यायलेला समजण्याची चूक होते. माझ्या फॉर्मचे सगळे रकाने त्या पानावर होते. फक्त एक नव्हता, वासाचा.

वासाचं आता लिहूनच टाकतो. त्या दिवशी माझं नाक बंद होतं. मला कसलाच वास येत नव्हता. धोंडीराम म्हणाला, वास तर लांबनंच येतुय साहेब, आणि मी लिहिलं: आहे. फक्त बाराव्याच्या वेळी नव्हे, पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत सगळ्यांना तसंच लिहिलं.

पुढे असं छापलं आहे की रोगी अजून झोकांड्या खात असतानाच, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू केलं तर कधीकधी तिथल्या तिथे थांबतं. त्या दिवशी कपाटात हेपॅरिनच्या सहा बाटल्या होत्या. आजही सहाच आहेत.

आणि वाहिनी पुरती तुंबली तर हात, पाय, जीभ, सगळं बंद पडतं. पापण्या हलतात, डोळे वर-खाली होतात. बुद्धी शाबूत राहते. रोगी सगळं ऐकतो, सगळं समजतो. भोवतालचे त्याला बेशुद्ध समजतात.

धावत मोठ्या साहेबांकडे गेलो. मागची वाहिनी तुंबली असावी, हेपॅरिन देऊन बघू या, उशीर झालाय पण आणखी वाढायचं तरी थांबेल, असं म्हणालो. त्यांनी एकच प्रश्न विचारला. माणूस आला तेव्हा दारूच्या अमलाखाली होता हे नक्की ना? तसं असेल तर पडून रक्तस्राव झालेला असणार, आणि त्यात हेपॅरिन म्हणजे खून.

मी म्हणालो, हो साहेब, नक्की.

का म्हणालो? नोकरीला वीस दिवस झाले होते म्हणून. त्यांनी कागद नीट लिहा म्हटलं होतं म्हणून. मला माझी लाज वाटते. हे लिहितानासुद्धा दार लावून घेतलं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी सिस्टर चहाला गेल्या, निंगव्वा धुणं घेऊन नळावर. मी खाटेजवळ वाकलो आणि म्हणालो, ऐकू येत असेल तर वर बघा.

त्याने वर बघितलं.

म्हटलं, हो असेल तर वर बघा, नाही असेल तर डोळे मिटा. तुम्हाला मी आठवतो? वर. त्या दिवशी दारू घेतली होती? त्याने डोळे मिटले आणि इतका वेळ घट्ट मिटून ठेवले की मला वाटलं आता उघडतच नाही. मग मी विचारू नये ते विचारलं. मी गेल्या शुक्रवारी तुमच्या शेजारी जे बोललो, काठीबद्दल, ते ऐकलंत?

वर.

हे सगळ्यांना सांगायला हवं होतं. आरडाओरडा करून सिस्टरांना, निंगव्वाला बोलावायला हवं होतं. पण ज्याला हो-नाही सांगता येतं तो उद्या सगळंच सांगेल. मी उद्या सांगेन असं ठरवलं आणि बाहेर पडलो. दारातून मागे वळून पाहिलं. डोळे वर होते. माझ्या हाकेला त्याने दिलेलं उत्तर तो अजून धरून होता, जशी काठी धरतात तसं.

२५ जानेवारी, शनिवार

निंगव्वाच्या आपणहून लक्षात आलं. हसत आली, पहिल्यांदाच हसताना पाहिली. ह्ये बगा डाक्टरसाब, मी लेकराचं नाव घेतलं की डोळं वर करत्यात. मी म्हणालो, तसं काही नसतं बाई, शिरा आपोआप हलतात. मुडद्याचेही हलतात.

मुडद्याचे म्हणालो. त्याच्या उशाशी.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी डॉक्टर. इतके दिवस ती कूस बदलताना त्याच्या कानाशी कानडीत काहीबाही पुटपुटत असायची, घरचं, गिरणीचं. दुपारपासून गप्प आहे. सिस्टरांना म्हणाली, मग बोलून काय उपेग?

आता त्याच्याशी कुणीच बोलत नाही. हे मी केलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. मग वॉर्डात जायच्या ऐवजी जोतीरामकडे जाऊन बसलो. तिथे कुणी माझ्याकडे बघत नाही, बघितलं तरी आरशातून. त्याने मान मोडली. आज जरा जोरात, डाव्या बाजूला. आवाज मोठा आला. मला बरं वाटलं, कुणीतरी मारल्यासारखं बरं वाटलं.

२७ जानेवारी, सोमवार

निंगव्वाशी बसून सगळं विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे, कागदावर तर काही लिहिणार नव्हतो. सरावाने त्याची मान धरली होती. तीन दिवस वर बघताना कळ यायची. मग जत्रेच्या आदल्या दिवशी फाटकासमोरच्या जोतीरामकडे जाऊन त्याने मान मोडून घेतली. मोकळी झाली म्हणाला होता.

पुस्तकात आहे. मी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. मानेला जोराचा हिसका बसला की आतली वाहिनी आतून फाटते, तिथे रक्त गोठतं, आणि ते आज, उद्या किंवा दहा दिवसांनी वर चढतं.

त्या खुर्चीत काल मी बसलो होतो.

पुढच्या सोमवारी, तीन तारखेला, भाऊबंदांची बैठक आहे. पट्टा कुणाकडे जायचा ते ठरणार. तोवर एक वळ, असं निंगव्वा पुन्हा म्हणाली. मी पेन काढलं. कागद घेतला. तारीख घातली. मग मोठे साहेब व्हरांड्यातून येताना दिसले आणि मी कागद खिशात कोंबला.

३० जानेवारी, गुरुवार

डाव्या बाजूला मानेत दुखतं, कानाच्या मागे. झोपताना वेडीवाकडी राहिली असेल. भीतीने माणसाला काय वाटेल ते दुखतं. मी डॉक्टर आहे, मला ठाऊक आहे.

वॉर्डात गेलो नाही. पोट बिघडल्याचं कळवलं. पण खोलीत बसून छताकडे बघतो तर मीच वर बघत असतो. खाली बघतो तर आठवतं की मी खाली बघतो आहे. आडवं बघून घेतो, मुद्दाम, दहादा. हलतात. माझे अजून हलतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जिना उतरताना पायरी जिथे दिसली तिथे नव्हती. उचकी. पाणी प्यालो, थांबली. पुन्हा.

कपाटाशी गेलो. हेपॅरिन. सिस्टर म्हणाल्या, कुणासाठी, नाव सांगा, वहीत लिहायचंय. माझं नाव सांगितलं तर का म्हणतील, आणि का ते सांगितलं तर जोतीराम, आणि जोतीराम म्हटला की बसलिंगप्पा, आणि मग सगळं —

म्हणालो, कुणासाठी नाही. नुसतं मोजतोय.

सहा आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

वॉर्डात गेलो. जावंच लागलं. दारातच खोली एकदा फिरली, मी खाटेचा कठडा धरला.

त्याने पाहिलं. माझे पाय पाहिले, मग तोंड. आणि त्याचे डोळे — वर, खाली, मिट, उघड, वर, वर, वर — थांबेचनात. मी इतके दिवस समजत होतो की हा माझ्यावर नजर ठेवून आहे, शाप देतोय. तसं नव्हतं. तो मला सांगत होता. हे कसं सुरू होतं ते साऱ्या वॉर्डात एकट्या त्यालाच माहीत आहे. मी त्याला कोठडीत पाठवलं आणि तो मला —

निंगव्वा शेजारीच होती. तिने त्याचे डोळे पाहिले आणि पुन्हा पायाला तेल लावायला लागली. मुडद्याचेही हलतात. मीच सांगितलं होतं.

लाज वाटते. भीतीपेक्षा लाज जास्त वाटते. उद्या सकाळी आधी ते पत्र, मग मोठ्या साहेबांना सगळं, मग माझं इंजेक्शन. या क्रमानेच.

उद्या का? आज का नाही? मोठे साहेब आज गावाला गेलेत, हे कारण आहे. कारण मला नेहमी सापडतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळ. दोनदा ओकलो. ओळी दोन दिसतात, खालची खरी धरून लिहितो.

निंगव्वाकडे गेलो होतो. बैठकीआधी गाठावं म्हणून. भिंत धरत गेलो. बोलायला लागलो — तुमच्या मालकांनी घेतलेली नव्हती, त्यांना ऐकू येतं, डोळ्यांनी बोलतात, त्यांच्याशी बोला — सगळं बोललो, पण जीभ — काय बाहेर पडलं मलाच कळलं नाही. तिने पदर नाकाला लावला. मागे सरली. म्हणाली, डाक्टरसाब, सकाळच्या पारी पिऊन आलाव?

मानेमागे हात नेऊन दाखवलं. पुन्हा पुन्हा.

कल्लप्पाने काखेत धरून खोलीत आणलं. त्याने माझ्या तोंडाशी नाक आणलं नाही. कशाला आणेल. मोठ्या साहेबांचा निरोप आला — झोपू द्या त्याला, उतरेल, मग बघतो त्याच्याकडे.

बाहेरून कडी घातली आहे. हाक मारली. हाक नाही, नुसता आवाज.

—

भोंगा झाला. बारा असावेत. बैठक सुरू झाली असेल.

डावा हात नाही. उजवा आहे. पत्रच लिहितो, इथेच, फाडून घ्या कुणीतरी. निंगव्वाला द्या. आणि मी डोळे उघडे ठेवून पडलेला दिसलो तर — बोला माझ्याशी. वर म्हणजे हो. त्यालाही विचारा. वर म्हणजे हो

दाखला. मी डॉ. वसंत टिपणीस लिहून देतो की १४ जानेवारी रोजी मी बसलिंगप्पा यांना तपासलं तेव्हा त्यांच्या तोंडाला